परदेशी प्रवाशांनी केलेली आपल्या गावाची जुनी वर्णनं कशी जपावीत: जुन्नर आणि डॉ. फ्रायरच्या उदाहरणासह

इंग्रज कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७५ साली मुंबईहून जुन्नरला गेला. जुन्नर तेव्हा मुघलांकडे होतं आणि तिथल्या अंमलदाराने इलाजासाठी डॉक्टर मागवला होता. फ्रायर कल्याणवरून घाट चढून गेला, शहर पाहिलं, शिवनेरीवर जाऊन आला आणि जे पाहिलं ते लिहून ठेवलं. रायगडावरच्या राज्याभिषेकाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. जुन्नरकरांच्या दृष्टीने ही पानं सोन्यासारखी. पण बहुतेकांपर्यंत ती पोचतात व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या परिच्छेदातून. भाषांतर कोणी केलं ते माहीत नसतं, पानाचा क्रमांक नसतो आणि शेवटच्या दोन ओळी बहुधा पाठवणाऱ्याच्याच असतात.

असा मजकूर जपला गेला असं मी मानत नाही. तो नुसता फिरत असतो. एखादं वर्णन जपलं म्हणजे उद्या कोणीही अनोळखी अभ्यासक त्यावरून मूळ पानापर्यंत जाऊ शकला पाहिजे, मूळ पानावरून प्रत्यक्ष जागेपर्यंत जाऊ शकला पाहिजे आणि वाटेत तुम्ही काय बदललं हे त्याला कळलं पाहिजे. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे. ती करायला इतिहासाची पदवी लागत नाही. चिकाटी आणि एक बऱ्यापैकी वही लागते.

हद्द आखून घ्या

‘महाराष्ट्राबद्दलची परदेशी वर्णनं’ हा विषय हातात घेतलात तर तो तुम्हालाच गिळेल. एक तालुका घ्या, एक खाडी घ्या, नाहीतर एखादा घाट. काळही ठरवा. कोकणपट्टीवर पोर्तुगीज नोंदी सोळाव्या शतकापासून मिळतात. दों जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत आरमारासोबत गेला आणि वाटेतल्या बंदरांची खोली, खुणा, वारे लिहीत गेला. घारापुरी आणि कान्हेरीची लेणीही त्याने पाहून नोंदवली. देशावरचं चित्र वेगळं आहे. तिथे १८१८ च्या आधीची वर्णनं तुरळक सापडतात. पेशवाई गेल्यावर मात्र सर्वेक्षक, अधिकारी, शिकारी यांची रीघ लागते. तुमचा तालुका यांपैकी कुठल्या पट्ट्यात आहे, त्यावर कुठली भाषा आणि कुठलं दफ्तर धुंडाळायचं ते ठरेल.

गॅझेटियरपासून सुरू करा, पण तिथे थांबू नका

मुंबई इलाख्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेले जिल्हावार माहितीग्रंथ, हे आपल्याकडचं सर्वांत सोपं प्रवेशद्वार. ठाण्याचे खंड १८८२ चे, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा, पुण्याचा १८८५ चा. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाने ते संगणकावर उपलब्ध केले आहेत. मजकूर वाचाच, पण खरा ऐवज तळटीपांत असतो. जुन्नर, कल्याण, नाणेघाट या नोंदींखाली फ्रायरचं नाव पुन्हापुन्हा येतं. या तळटीपा एका कोऱ्या पानावर उतरवून काढा. तीच तुमची पहिली यादी.

गॅझेटियर हे मूळ साधन मात्र नाही. संपादकाने पानभर वर्णनाचं दीड वाक्य केलेलं असतं आणि ते करताना जे गाळलं त्यातच कधीकधी आपल्या गावाचं नाव असतं. म्हणून प्रत्येक तळटीपेवरून मूळ ग्रंथाकडे जायचं. सतराव्या-अठराव्या शतकातले बहुतेक छापील प्रवासग्रंथ इंटरनेट अर्काइव्ह आणि गूगल बुक्सवर फुकट आहेत.

तिथे शोधताना दोन गोष्टी सांभाळा. साधारण १८०० च्या आधीच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा ‘एस’ लांब वळणाचा असतो, आणि संगणक तो हमखास ‘एफ’ असा वाचतो. त्यामुळे सरळ शब्द टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही आणि माणूस निराश होऊन उठतो. एसच्या जागी एफ टाकून पुन्हा शोधा. दुसरं म्हणजे स्थळनामं. फ्रायर जुन्नरला ‘जेनिया’ लिहितो, शिवाजी महाराजांना ‘सेवा जी’. इंग्रजी पत्रांत रायगड हा ‘रायरी’ असतो. पोर्तुगिजांची वसई ‘बासाईं’, साष्टी ‘साल्सेत’, आदिलशहा ‘इदालकांव’, तर निझामशहा ‘निझामालुको’. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक मोठ्या गावाची सुचतील तितकी रोमन रूपं आधी लिहून काढा आणि एकेक करून शोधत बसा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मे शोध यातूनच लागतात.

छापील साधनं संपली की दफ्तरं. मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, पुण्याचं पेशवे दफ्तर, पणजीचं गोवा पुराभिलेखागार. गोव्याच्या दफ्तरखान्याची सुरुवात १५९५ ची, आणि त्याचा पहिला रखवालदार दियोगु दु कोतु हा स्वतःच इतिहासकार होता. विसाव्या शतकात तिथेच पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घातलं. गोव्याच्या दफ्तरांत काय कुठे आहे याची त्यांनी १९५५ मध्ये छापलेली मार्गदर्शिका आजही वाट दाखवते. पोर्तुगीज येत नसेल तरी तिच्यातल्या खंडांच्या आणि वर्षांच्या याद्या समजतात. दफ्तरात जाताना ‘आमच्या गावाचं काही आहे का’ असं विचारू नका. वर्ष, व्यक्ती किंवा रुमाल (कागदांचं बांधलेलं गाठोडं) क्रमांक घेऊन जा. दफ्तरातली माणसं मदत करतात, पण तुमचा प्रश्न त्यांना शोधता येईल असा हवा.

प्रत्येक वर्णनाचं ओळखपत्र

सापडलेल्या प्रत्येक उताऱ्याला एक स्वतंत्र पान द्या आणि सगळ्यात वर पाच गोष्टी लिहा: पाहणारा कोण, त्याने पाहिलं कधी, लिहिलं कधी, छापलं कधी आणि तुमच्यासमोर आहे ती प्रत कुठली. या तारखांमधलं अंतर चकित करणारं असतं. फ्रायरने जुन्नर पाहिलं १६७५ ला, ग्रंथ लंडनला छापला गेला १६९८ ला आणि विल्यम क्रुकने संपादित केलेली टीपांसह आवृत्ती तीन खंडांत आली १९०९ ते १९१५ दरम्यान. कास्त्रोची गोवा-दीव वही तर लिहिल्यावर तीनशे वर्षांनी, १८४३ मध्ये, पोर्तु शहरात छापली गेली. कुठल्या आवृत्तीचं कुठलं पान हे न लिहिता ‘फ्रायर म्हणतो’ एवढंच लिहिलंत, तर पुढच्याला काहीच हाती लागत नाही.

सहावी गोष्टही लिहायची, आणि बहुतेक जण तीच विसरतात: त्याने हे स्वतः पाहिलं का? राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेला तो कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन. फ्रायरच्या ग्रंथातही त्या भेटीचं वर्णन आहे, पण फ्रायर स्वतः गडावर नव्हता, त्याने ते दुसऱ्याच्या माहितीवरून लिहिलं. जुन्नरचं वर्णन मात्र त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं. एकाच ग्रंथातल्या या दोन मजकुरांना सारखं वजन देता येत नाही.

आणि पाहिलेल्यातही ऐकलेलं मिसळलेलं असतं. शिवनेरीवर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतका साठा होता, असं फ्रायर लिहितो. धान्याचं कोठार त्याने पाहिलं असेल, पण सात वर्षांचा हिशेब कोणीतरी त्याला सांगितला असणार, आणि सांगणारा गडावरचाच. परक्या पाहुण्याला, तेही शेजारच्या सत्तेशी बोलणी करणाऱ्या कंपनीच्या माणसाला, कोणता किल्लेदार कमी आकडा सांगेल? अशा आकड्यांशेजारी वहीत ‘ऐकीव’ असा शेरा मारून ठेवा.

उतारा उतरवताना

फोटो काढला म्हणजे काम झालं असं नाही. मजकूर टंकलिखित किंवा हस्तलिखित, पण अक्षरशः उतरवून घ्या. मूळचं शुद्धलेखन सुधारू नका. ‘जेनिया’ हे जेनियाच राहू द्या आणि जुन्नर हा तुमचा खुलासा चौकोनी कंसात घाला. वाचता न आलेल्या शब्दाच्या जागी टिंबं, शंकास्पद शब्दापुढे प्रश्नचिन्ह. पान जिथे बदलतं तिथे पान क्रमांक. तुमची मतं समासात, वेगळ्या शाईने. उतारा, खुलासा आणि मत या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू न देणं हा या कामातला सर्वांत कठीण संयम आहे. वि. का. राजवाड्यांच्या प्रस्तावनांतल्या मतांशी लोक शंभर वर्षं भांडत आले, पण त्यांनी छापलेल्या पत्रांवर आजही काम करता येतं, कारण पत्रं पत्रांच्या जागी आहेत.

मराठी भाषांतर नंतर करा आणि ते मुळाच्या शेजारीच ठेवा. जुन्या इंग्रजी-हिंदुस्थानी शब्दांसाठी १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश आणि आपल्याकडच्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश हाताशी असू द्या. प्रवाशाने एखाद्या जातीबद्दल, देवस्थानाबद्दल वाईटसाईट लिहिलं असेल तर भाषांतरात ते मऊ करू नका. खाली टीप द्या. अनुवादकाने केलेली साखरपेरणी पुढे पुरावा म्हणून वापरली जाते.

तारखांचा गुंता

इथे घाई केलीत की सगळं पुढचं चुकतं. पोर्तुगिजांनी नवी, म्हणजे ग्रेगोरियन, दिनदर्शिका १५८२ मध्येच स्वीकारली. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनीच वापरत राहिले. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचा फरक पडतो, १७०० नंतर अकरा दिवसांचा. म्हणजे एकाच दिवशी घडलेली घटना मुंबईच्या इंग्रजी पत्रात एका तारखेला आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात दहा दिवस पुढच्या तारखेला दिसते. आपण राज्याभिषेकाची म्हणून जी ६ जून १६७४ ही तारीख सांगतो ती जुन्या पद्धतीचीच, नव्या पद्धतीने तो दिवस १६ जूनला येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र दोन्हीकडे तीच.

इंग्रजांचं सरकारी वर्षही तेव्हा २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे फेब्रुवारी १६७४ चं पत्र १६७३ च्या गठ्ठ्यात सापडू शकतं. काही लेखक अशा वेळी दोन्ही वर्षं लिहितात, काही लिहीत नाहीत.

मराठी कागदांत शुहूर सन ही जुनी कालगणना असते. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. हा सन मृगाला बदलतो हे लक्षात ठेवा. शिवकाळासाठी खरे जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचं कोष्टक, चांगली कामाला येते. वहीत आधी मूळ तारीख जशीच्या तशी लिहा, मग रूपांतर, आणि रूपांतर कशावरून केलं तेही.

मापांचंही तसंच. पोर्तुगीज ‘लेग्वा’ साधारण पाच-सहा किलोमीटर, पण सगळीकडे एकसारखा नाही. कोस तर गावागणिक बदलतो. पाण्याची खोली वावांत असेल तर कोणाचा वाव ते पाहा, कारण इंग्रजी वाव सहा फुटांचा आणि पोर्तुगीज ‘ब्रासा’ त्याहून मोठा. मीटरमध्ये बदलून मूळ आकडा खोडून टाकू नका.

आता चपला घाला

कागदावरचं वर्णन जागेशी जोडल्याशिवाय स्थानिक इतिहासकाराचं काम पुरं होत नाही. लंडनमधल्या संपादकाला जे जमत नाही ते तुम्हाला जमतं ते याच ठिकाणी. फ्रायर जाताना एका अवघड घाटाने वर चढला आणि परतताना सोप्या नाणेघाटाने उतरला. मग त्या अवघड घाटाची वाट कुठली? संपादकांनी नकाशा पाहून अंदाज केले आहेत. तुम्ही पायथ्याच्या गावांत जाऊन विचारू शकता.

विचारण्याची एक रीत आहे. आधी उतारा वाचून दाखवू नका. ‘फ्रायर इथूनच गेला ना?’ असं विचारलंत तर पाहुण्याचं मन राखायला लोक हो म्हणतील. त्याऐवजी जुन्या वाटा कुठल्या, बैल कुठून चढायचे, कुठून नुसती माणसं, पाणी कुठे मिळायचं, जकात कुठे भरायची असं विचारा. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक वळणाचं नाव ठाऊक असतं. बोलणं परवानगी घेऊन मोबाइलवर मुद्रित करा, सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याची संमती त्यांच्याच आवाजात घ्या. नाव जाहीर करू नका म्हणाले तर करू नका. मग घरी येऊन फ्रायरच्या वर्णनातला चढ, पाणी, झाडी यांच्याशी ताडून पाहा. जुळलं नाही तर ‘जुळत नाही’ असंच लिहा. तीही उपयोगी नोंद आहे.

जमिनीची पातळी, पाण्याचं पात्र, झाडी हे सगळं बदलतं हे विसरू नका. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला खांबावर आपलं नाव कोरलं. आज ते डोक्याच्या वर दिसतं, कारण तो साचलेल्या ढिगाऱ्यावर उभा होता. बंदरांच्या बाबतीत तर हे फारच. कास्त्रोने खोली मोजलेल्या खाड्यांपैकी कितीतरी आज गाळाने भरल्या आहेत, तेव्हा त्याचा आकडा चुकला असं म्हणण्याआधी थांबा.

‘शोध लावला’ हा शब्द टाळा

माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ‘शोधलं’, हे आपण शाळेपासून पाठ केलं. गॅझेटियरच सांगतं की डोंगरावर तेव्हा धनगर, ठाकूर आणि कातकरी होते. नाणेघाटातला सातवाहन लेख कर्नल साइक्सने १८२८ मध्ये ‘शोधला’ म्हणतात. त्याच्याही दीडशे वर्षं आधी फ्रायर त्या घाटातून उतरला होता आणि वाट तर दोन हजार वर्षांची वाहती. वहीत लिहायचं ते असं: ‘अमक्याने अमक्या साली लेखी नोंद केली.’ यात कुणाचा मोठेपणा कमी होत नाही. साइक्सने लेखाची नोंद करून ती विद्वानांपर्यंत पोचवली हे मोठंच काम आहे.

आणि त्या साहेबाबरोबर कोण होतं ते शोधा. दुभाष्या, वाटाड्या, चित्रकार, पाटील. ऑक्झिंडेनच्या बाजूने रायगडावर बोलणी करणारा नारायण शेणवी होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली ती पुण्याच्या गंगाराम तांबटाने. अशी नावं इंग्रजी मजकुरात अर्ध्या ओळीत येऊन जातात, म्हणून त्यांची वेगळी यादी ठेवा. पुढे पेशवे दफ्तरात किंवा घराण्याच्या मोडी कागदांत तीच माणसं दुसऱ्या बाजूने भेटण्याची शक्यता असते. त्याच वर्षाच्या मोडी कागदांत साहेबाच्या मुक्कामासाठी वेठ, रसद, बैल यांचे हुकूम सापडले तर वर्णनाला दुसरा साक्षीदार मिळाला. मोडी येत नसेल तर शिका. काही महिन्यांच्या वर्गात ओळख होते, सराव वाढला की छापील लिप्यंतराची गरज कमी होत जाते.

कागद हातात आला तर

गावातल्या जुन्या घरात एखादा नकाशा, पत्र, इंग्रज अमदानीतला मोजणीचा कागद निघतो. हात धुऊन, कोरडे करून हाताळा. सुती हातमोजे घालायची गरज नाही, उलट त्यांनी पानाची कड फाटते. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. घडी तशीच उघडत नसेल तर जबरदस्ती नको. कोकणात पावसाळ्यातली ओल आणि बुरशी, देशावर वाळवी आणि कसर, हे खरे शत्रू. भिंतीला लागून ठेवू नका, जमिनीवर तर नकोच. आम्लरहित कागदात गुंडाळून, स्वच्छ सुती रुमालात बांधून, हवा खेळेल अशा लोखंडी कपाटात ठेवा. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका. मालकाकडून कागद मागून नेण्याऐवजी त्याच्याच घरी स्कॅन करा, विश्वास टिकतो.

स्कॅन करताना पत्रांना इंचाला ३०० ते ४०० ठिपके, नकाशांना ६००. मूळ फाइल टिफ स्वरूपात ठेवा, वाटायला जेपेग. कागदाच्या पाठीचाही स्कॅन करा, शेरे तिथेच असतात. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि क्रमांक हवा, नाहीतर दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही ते काय आहे.

प्रती वेगवेगळ्या छपराखाली

अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्यासाठी कंपनीने १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिलला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा कामाला लागले. त्यांच्याही नकलांपैकी कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्या दुसऱ्या आगीत गेल्या. दरम्यान मूळ भिंतींवरचा रंगही झडतच होता.

तेव्हा तीन प्रती: एक तुमच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. वर्षातून एकदा तिन्ही उघडून पाहा. आणि उताऱ्यांची एक छापील, बांधलेली प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात द्या. हार्ड डिस्क बंद पडते, कागद बऱ्यापैकी टिकतो.

हक्कांचं थोडक्यात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणून फ्रायर किंवा १९२३ मध्ये वारलेल्या क्रुकचा मजकूर मोकळा आहे. पण गेल्या काही दशकांत कोणी केलेलं मराठी भाषांतर मोकळं नसतं, आणि दफ्तरखान्यातल्या कागदाचं छायाचित्र छापायला त्या दफ्तराची परवानगी लागते. ती लेखी घ्या आणि स्कॅनसोबतच ठेवा. ग्रंथालयात प्रत देताना पहिल्या पानावर काम कोणत्या तारखेपर्यंतचं आहे, कोणती दफ्तरं पाहायची राहिली आणि कुठले शब्द लागले नाहीत हे स्पष्ट लिहा. मागे कोरी पानं जोडा, म्हणजे पुढच्याला त्यातच लिहिता येईल.